आधी कौल, मग घर : एट्रुस्कन घरं आणि रोमन घरावरचा त्यांचा ठसा

नदीपल्याड

मध्यंतरी इथे पोम्पेईच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की रोमन घर म्हणजे ग्रीक घराची नक्कल. तेव्हा उत्तर द्यायचं राहून गेलं, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मागची खांबांची बाग, भिंतींवरची चित्रं, जमिनीतलं मोझेक हे ग्रीकांकडून आलं, मान्य. पण दारातून आत शिरल्याबरोबर जी मोठी खोली लागते तिचं काय? छताला मधोमध चौकोनी उघडं तोंड, त्याच्या बरोब्बर खाली जमिनीत उथळ कुंड, भोवती खोल्यांची दारं. या आट्रियमचा सगळ्यात साधा प्रकार रोमन लोक स्वतःच 'तुस्कानिकुम' म्हणून ओळखत. तुस्क म्हणजे एट्रुस्कन. इटलीत आर्नो आणि टायबर या नद्यांच्या मधल्या प्रदेशात, रोम हे मातीच्या झोपड्यांचं गाव होतं तेव्हापासून राहणारे लोक.

मी कामानिमित्त बोलोन्याला राहते. इथून पिस्तोयाकडे जाणारी छोटी गाडी रेनो नदीच्या काठाकाठाने डोंगरात शिरते आणि थोड्याच वेळात मार्झाबोत्तो येतं. इटलीत हे नाव काढलं की लोकांना नाझींनी केलेलं १९४४ चं हत्याकांड आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. पण गावालगतच्या पठारावर इ.स.पू. ५०० च्या सुमाराचं एट्रुस्कन शहर उघडं पडलेलं आहे. त्याचं जुनं नाव काइनुआ. पुढे त्याच्यावर मोठं शहर वसलं नाही, म्हणून अख्खा आराखडा पायांखाली दिसतो. मोठे रस्ते १५ मीटर रुंद, आडवे ५ मीटरचे, सगळे काटकोनात. एका चौकाखाली फुली कोरलेला नदीतला गोटा सापडला. शहर आखताना मोजणी जिथून सुरू केली ती ही खूण.

घरांचं म्हणाल तर गुडघ्याएवढंही काही उभं नाही. नदीतले गोटे रचलेला पाया तेवढा उरलाय, वरच्या कच्च्या विटांच्या भिंती कधीच विरघळल्या. पण त्या पायाच्या रेषांवरून घरभर चालत फिरता येतं. रस्त्यावरून एक लांब अरुंद बोळ आत जातो. बोळातून गटार वाहतं, त्यावर दगडी फरश्या. बोळ संपतो तिथे उघडी जागा आणि विहीर. दोन्ही बाजूंना खोल्या, आणि समोर, दाराच्या अगदी रेषेत, मधली मोठी खोली. मी त्या बोळाच्या तोंडाशी उभी राहिले आणि पोम्पेईतल्या घराच्या दारात उभं राहिल्यावर नजर जशी सरळ आत जाते तशीच गेली. तिथे बोळाला फाउसेस म्हणतात, समोरच्या मधल्या खोलीला ताब्लिनम. पोम्पेईतली ती घरं याच्यापेक्षा दोन-तीनशे वर्षांनी लहान.

दुसरी साक्ष आहे थडग्यांची. रोमच्या वायव्येला चेर्वेतेरी गावाबाहेर बान्दिताच्चा नावाचं दफनस्थान आहे (तार्क्विनियाबरोबर ते २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलं). तिथे ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड आहे, तुफो. तो कोरून त्यांनी मेलेल्यांसाठी घरं केली. ढाली आणि खुर्च्यांचं थडगं म्हणून एक आहे, इ.स.पू. सहाव्या शतकातलं. आत आडवी मोठी खोली, मागच्या भिंतीत तीन दारं, तीन खोल्या. छताला दगडातच कोरलेल्या तुळया. दारांना चौकटी, भिंतीत खिडक्या, आणि अखंड दगडातून काढलेल्या पाठीच्या खुर्च्या, पाय ठेवायच्या चौरंगासकट. त्याहून जुनं, इ.स.पू. सातव्या शतकातलं, 'झोपडीचं थडगं'. त्याच्या आत छताचे उतार असे वाकवून कोरलेत की शाकारलेल्या गवताखाली उभं असल्यासारखं वाटतं.

म्हणजे शंभरेक वर्षांत गवताचं छप्पर गेलं आणि सरळ तुळयांचं आलं. असं कशामुळे झालं असेल? माझं मत सांगते : कौलामुळे. बांधकामातलं कळणाऱ्यांनी जरूर लिहावं.

कोनवासा

सुंदर धागा. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकीच्या, सावंतवाडीकडे. मी स्वतः आता नकाशे काढतो, पण लहानपण वाशांवर चढण्यात गेलं, म्हणून राहवलं नाही.

कौलाबद्दल तुम्ही म्हणता ते मला शंभर टक्के पटतं. गवताच्या छपराला भिंत वाकडी असली तरी चालतं, घर लांबट गोल असलं तरी चालतं. गवत वळतं, कौल वळत नाही. एकदा का भाजलेलं कौल घातलं की पाखं सपाट हवं, वासे समांतर हवेत, भिंत ओळंब्यात हवी आणि कोपरा काटकोनात. वजन तर विचारूच नका. गवताखाली मेढी पुरून भागतं. कौलाखाली दगडी पाया आणि सलग भिंत नसेल तर दोन पावसाळ्यांत छप्पर बसतं. म्हणून घर गोलाचं चौकोनी होणं ही छपराची मागणी आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने गवत जाऊन नळीची कौलं येताना हेच पाहिलं.

आता तुस्कानिकुमचं छप्पर. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या पुस्तकात आट्रियमचे पाच प्रकार दिलेत, त्यात हा पहिला. त्याचं वर्णन आपल्या शब्दांत सांगतो. खोलीच्या रुंदीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन जाड तुळया टाकायच्या. त्या दोघींच्या मध्ये दोन आखूड तुळया अडकवायच्या. झाली मधली चौकट. भिंतींच्या चार कोपऱ्यांतून या चौकटीच्या चार कोपऱ्यांपर्यंत चार कोनवासे, आणि त्यांच्यावर बाकीचे वासे आतल्या उताराने. पाणी चारही पाख्यांवरून मधल्या तोंडात पडतं. खाली खांब एकही नाही! सगळा भार त्या दोन तुळयांवर आणि त्यांच्यावाटे भिंतींवर.

यात मेख अशी की आपल्या साध्या चौपाखी घरात कोनवासा उंचवट्यावर असतो, पाणी त्याच्यापासून दूर पळतं. इथे उलटं, दोन पाख्यांचं पाणी कोनवाशावरच येऊन मिळतं. तिथली कौलं जरा चुकली की लाकूड कुजलंच. ज्यांनी हे पहिल्यांदा जमवलं ते कौलाच्या कामात मुरलेले असणार. झोपडीतून एकदम इथे उडी मारता येत नाही.

आणखी एक. बाहेर उतरणाऱ्या छपराचा प्रकारही व्हिट्रुव्हियसने दिलाय, मधलं तोंड वर उभं राहतं म्हणून उजेड चांगला येतो असं म्हणतो. पण लगेच तक्रार करतो की त्याच्या भिंतीतल्या नळांत पाणी तुंबतं, उलटतं आणि लाकूडकाम व भिंती नासतात. हे वाचताना वाटलं, या माणसाने गळकं घर दुरुस्त केलेलं आहे.

मृण्मयी

वाचत होते, लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण विषय माझ्या अभ्यासाचा आहे. दोघांशी बऱ्याच अंशी सहमत, तरी काही ठिकाणी ब्रेक लावते.

'एट्रुस्कनांकडून रोमनांनी आट्रियम घेतलं' या वाक्यामागे तीन लेखक उभे असतात आणि तिघेही इ.स.पू. पहिल्या शतकातले. व्हिट्रुव्हियस, व्हारो आणि सिसिलीचा डायोडोरस. व्हारो तर आट्रियम हा शब्दच अत्रिया या एट्रुस्कन गावावरून आला म्हणतो. (पो नदीच्या मुखाजवळचं आद्रिया, ज्याच्यावरून एड्रियाटिक समुद्राचं नाव पडलं.) दुसरी जुनी व्युत्पत्ती 'आतेर' म्हणजे काळा या शब्दावरून, चुलीच्या धुराने काळवंडलेली खोली म्हणून. दोन्ही ऐकायला गोड आहेत. पण शब्दांच्या नादावर व्युत्पत्ती लावायची व्हारोला फार हौस होती, तिच्यावर इमारत उभी करू नये. ही मंडळी ज्या काळाबद्दल लिहितात तो त्यांच्या आधीचा पाचशे वर्षांचा.

थडग्यांबद्दलही जपून. थडगं खडकात कोरलेलं असतं, त्याला पाऊस नाही, धूर नाही, वजन नाही. कोरणाऱ्याने घरातलं काय घेतलं आणि काय सोडलं हे त्याच्या मर्जीवर. तार्क्विनियाच्या मेर्कारेच्चा थडग्यात छताला वर निमुळतं होत जाणारं चौकोनी तोंड कोरलंय, थेट कोनवासा यांनी सांगितलेल्या बाहेर उतरणाऱ्या प्रकारासारखं. ते फार मोलाचं आहे. पण ते एक थडगं आहे, अख्खी वस्ती नव्हे.

म्हणून मला खरी साक्ष वाटते ती जमिनीतली. व्हितेर्बोजवळच्या अक्वारोसा इथे स्वीडिश संस्थेने १९६६ पासून खोदकाम केलं. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्यावर हे गाव उजाड झालं ते कायमचं, म्हणून घरं त्याच अवस्थेत मिळाली. आणि ती कशी आहेत? दोन-तीन खोल्या शेजारीशेजारी, पुढे पडवी, आणि तीन-चार घरांत मिळून एक मोकळी जागा. आट्रियमचा पत्ता नाही. मात्र छपरं सगळी कौलारू, रंगवलेली, कडांना नक्षी. धूर जायला आणि उजेड यायला भोक ठेवलेली कौलंसुद्धा मिळाली आहेत. जवळच्या सान जोव्हेनालेलाही याच संस्थेने त्याआधी खणलं होतं. स्वीडनचे राजे गुस्ताफ सहावे आडोल्फ तिथे स्वतः हातात खुरपं घेऊन बसत. राजा असून तो माणूस मनापासून पुरातत्त्ववाला होता.

मध्यभागी कुंड असलेलं जुनं एट्रुस्कन घर पाहायचं तर ग्रोस्सेतोजवळ रोझेल्लेला जावं लागतं. तिथल्या घराला नावच 'इम्प्लुव्हियमचं घर', काळ इ.स.पू. सहावं शतक. खुद्द रोममध्ये पॅलटाइन टेकडीच्या उत्तर उतारावर आन्द्रेआ कारान्दिनी यांच्या चमूला त्याच शतकाच्या उत्तरार्धातल्या मोठ्या घरांचे पाये मिळाले. त्यांनी ती पूर्ण आट्रियम घरं म्हणून रेखाटली, ताब्लिनम आणि दोन्ही बाजूंच्या उघड्या खोल्या (त्यांना 'आले' म्हणतात) धरून. ती चित्रं पुस्तकांत सर्रास छापली जातात. पण प्रत्यक्ष पाये तुकड्यातुकड्यांचे आहेत आणि बऱ्याच अभ्यासकांना त्या रेषा जास्त वाटतात. मलाही वाटतात.

माझं म्हणणं इतकंच की 'एट्रुस्कनांनी शोधलं, रोमनांनी उचललं' अशी सरळ रांग लावू नये. त्या शतकात रोमवर तार्क्विन या एट्रुस्कन घराण्याचे राजे होते, परंपरेने इ.स.पू. ६१६ ते ५०९, मधला सर्व्हियस तुलियस धरून. कारागीर एका गावातून दुसऱ्या गावात जात होते. रोम, चेर्वेतेरी, व्हेयी ही एकाच बाजारातली गावं होती. घर त्या सगळ्यांनी मिळून घडवलं.

नदीपल्याड

मृण्मयीताई, मनापासून आभार. रोझेल्ले माझ्या यादीत नव्हतं, आता आहे. पॅलटाइनची चित्रं मी खरीच धरून चालले होते, तेवढी दुरुस्ती मान्य. आणि 'मिळून घडवलं' हे मला माझ्या मूळ वाक्यापेक्षा आवडलं.

पण कारागीर फिरत होते म्हणताना मला मुर्लोची एक गोष्ट सांगावीशी वाटते. सिएनाच्या दक्षिणेला मुर्लोजवळ पोज्जो चिव्हिताते नावाची टेकडी आहे. १९६६ साली काइल मेरेडिथ फिलिप्स यांनी तिथे खोदाई सुरू केली. वर मिळाला तो इ.स.पू. सहाव्या शतकातला प्रचंड वाडा, एकेक बाजू सुमारे ६० मीटर, मध्ये अंगण. आढ्यावर रुंद काठाची टोपी घातलेले मातीचे पुरुष बसवलेले, भिंतीच्या वरच्या कडेला मेजवानीची आणि घोड्यांच्या शर्यतीची मातीची शिल्पं. पुढे कुणीतरी ठरवून तो वाडा पाडला आणि ती शिल्पं पुरून टाकली.

पण मला धरून ठेवलं ते त्याच्या खालच्या थरानं. आधीच्या पिढीत तिथे कारखाना होता. लांबलचक छप्पर, भिंती नाहीत, नुसते खांब. तिथे हाडांवर कोरीवकाम व्हायचं, धातू ओतला जायचा, आणि कौलं थापली जायची. इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस तिथे आग लागली. त्या वेळी जमिनीवर ओली कौलं वाळत घातलेली होती. माणसं जीव घेऊन पळाली ती त्या कौलांवरून. पावलं उमटली आणि त्याच आगीत ती भाजली गेली. टाच खोल रुतलेली, पुढे बोटं.

कुठल्या राजाने कुणाकडून काय घेतलं यावर आपण वाद घालतो, आणि इकडे हा कौलं थापणारा माणूस. त्याच्या हाताखाली शिकलेला कुणीतरी पुढे कुठल्या गावात गेला असेल, तिथे त्याने भट्टी लावली असेल. कौलाची कला अशीच पसरते, माणसाच्या पायाने.

उंबरठा

धागा एका बैठकीत वाचला. एक शंका. या घरांत बायका कुठे असायच्या? ग्रीक घरात त्यांचा भाग वेगळा असायचा असं वाचलंय. आणि कोनवासादादा, हे सगळं आपल्या वाड्याच्या चौकासारखंच नाही का?

कोनवासा

चौकाचं आधी सांगतो. दिसायला सारखं, नातं नाही. भिंतीला भिंत लावून घरं बांधली की उजेड आणि वारा वरूनच घ्यावा लागतो, म्हणून जगात अनेक ठिकाणी लोकांना ही युक्ती सुचली. पण आपल्या चौकाला कडेने खांबांची रांग असते, छप्पर तिच्यावर टेकतं. तुस्कानिकुममध्ये तोंडाची चौकट अधांतरी लटकते. सुताराच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. बायकांचं मृण्मयीताई सांगतील.

मृण्मयी

उंबरठा, प्रश्न फार छान. एट्रुस्कन बाई नवऱ्याबरोबर एकाच पलंगावर रेलून मेजवानीला बसत असे. रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात चेर्वेतेरीची 'पतीपत्नीची शवपेटी' आहे, इ.स.पू. ५२० च्या आसपासची. भाजलेल्या मातीची, दोघं शेजारी, त्याचा हात तिच्या खांद्यावर. ग्रीकांना हे अतिशय खटकायचं. घराला वेगळा जनानखाना असल्याची खूणही एट्रुस्कन घरांच्या अवशेषांत दिसत नाही.

आणि चेर्वेतेरीत याहून बोलकी गोष्ट आहे. थडग्यांच्या दाराशी दगडी खुणा रोवलेल्या असतात. पुरुषासाठी खांब, बाईसाठी छोटंसं घर. आतल्या दगडी पलंगांचंही तसंच, पुरुषाच्या पलंगाला कोरीव पाय, बाईच्या पलंगाला दोन टोकांना घराच्या आढ्यासारखे त्रिकोण. घर म्हणजे ती, असं त्यांनी दगडात लिहून ठेवलंय.

रोमनांनी घराचा आराखडा घेतला तरी बाईची जागा बदलली. रोमन इतिहासकार लिव्हीने ल्युक्रेशिया या रोमन सरदाराच्या बायकोची गोष्ट सांगितली आहे. राजपुत्र आणि तिचा नवरा, कुणाची बायको सरस अशी पैज लावून रात्री अचानक घरी जातात. एट्रुस्कन राजाच्या सुना मेजवानीत रमलेल्या असतात, आणि ल्युक्रेशिया घराच्या मधोमध दासींबरोबर लोकर कातत बसलेली. घराच्या मधोमध, म्हणजे आट्रियममध्ये. गोष्ट रोमनांनी रोमनांच्या कौतुकासाठी रचलेली आहे. एट्रुस्कन बाया सूत कातत नव्हत्या असं मुळीच नाही. मुर्लोच्या त्याच टेकडीवर सूत गुंडाळायच्या मातीच्या रिळांचा ढीग सापडलाय.

भटकभवानी

मी पोम्पेईला दोनदा जाऊन आले, तिथलं थोडं सांगते. 'शल्यवैद्याचं घर' मुद्दाम शोधत गेले होते, कारण सगळीकडे ते तुस्कानिकुमचा सर्वांत जुना नमुना म्हणून सांगतात. शस्त्रक्रियेची हत्यारं सापडली म्हणून ते नाव. दर्शनी भिंत चुनखडीच्या मोठमोठ्या घडीव दगडांची, शेजारच्या घरांत एकदम उठून दिसते. पूर्वी ते इ.स.पू. चौथ्या शतकातलं धरत. नव्या उत्खननात जमिनीखाली पाहिल्यावर ते इ.स.पू. २०० च्या आसपासचं निघालं. म्हणजे मृण्मयी म्हणतात ती सावधगिरी इथेही लागू.

पण खरं समजलं ते 'फॉनच्या घरात'. तिथे शेजारीशेजारी दोन आट्रियम आहेत. एक तुस्कानिकुम, खांबांशिवाय. दुसऱ्यात कुंडाच्या चार कोपऱ्यांवर चार खांब. आज वर छप्पर नाही, तरीही पहिल्यात उभं राहिलं की मोकळेपणा अंगावर येतो. मालकाकडे पैसा अमाप होता, मागे खांबांच्या दोन बागा आहेत, अलेक्झांडरचं मोझेक याच घरातलं. त्याला तिथेही खांब परवडले असते. तरी पाहुण्यांना पहिल्यांदा जिथे घ्यायचं ती खोली त्याने जुन्या पद्धतीचीच ठेवली. सकाळी आश्रित लोक सलामीला यायचे ते इथे. पूर्वजांचे मेणाचे मुखवटे रोमन खानदानी घरांत आट्रियममध्येच असत. घराचा आब त्या खोलीत होता आणि तिचं नाव शेवटपर्यंत एट्रुस्कनांचं राहिलं.

मृण्मयी

अगदी नेमकं. मागच्या बागेच्या खांबांबद्दल डायोडोरस एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. घराभोवतीची खांबांची पडवीही एट्रुस्कनांनीच काढली म्हणे, नोकरचाकरांच्या गर्दीचा गोंगाट आत येऊ नये म्हणून, आणि रोमनांनी ती सुधारून घेतली. ती पेरिस्टाइल म्हणजे मागची खांबांची बागच असं समजलं तर ग्रीकांचं श्रेय जातं, म्हणून बरेच जण त्याचा अर्थ पुढची पडवी किंवा आट्रियम असा लावतात. मी अजून कुठल्याच बाजूला नाही.

कोनवासा

नदीपल्याडताई, शेवटचं एक काम सांगू का? ही कौलं एकमेकांत कशी बसतात ते नीट पाहून लिहाल? खिळे दिसत नाहीत कुठल्याच फोटोत.

नदीपल्याड

मार्झाबोत्तोच्या संग्रहालयात पाहिलीत, तेवढं आत्ताच सांगते. दोन प्रकार असतात. एक सपाट, अर्ध्या मीटरहून लांब, दोन्ही लांब कडा वर उचललेल्या. दुसरं अर्ध्या नळीसारखं. सपाट कौलं शेजारीशेजारी मांडायची आणि दोघांच्या उचललेल्या कडांवर नळी पालथी घालायची, म्हणजे सांध्यात पाणी शिरत नाही. वरचं कौल खालच्यावर चढतं. उतार बेताचाच ठेवतात, कौल आपल्या वजनानेच जागेवर राहतं. लॅटिनमध्ये सपाट ते तेगुला आणि नळी ती इम्ब्रेक्स. रोमनांनी हीच जोडी पुढे जिथे जिथे गेले तिथे नेली.

वरचं कौल खालच्यावर चढतं तिथे कडेला खाच असते असं आठवतंय, पण ती वरच्या टोकाला की खालच्या, हे तेव्हा पाहिलं नाही. येत्या रविवारी गाडीने परत जाते. खाचेचं माप आणि बोळाची रुंदी दोन्ही घेऊन येते, फोटो इथेच टाकते.

कोनवासा

खालच्या टोकाची जाडीसुद्धा घ्या. पाणी तिथून पडतं.